बाखच्या शेजारी सात चेलो

आमच्याकडे एक निबंध पडून आहे. फुलस्केप कागदाची अकरा पृष्ठे, निळी शाई, डाव्या बाजूला दोऱ्याने बांधलेला, आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेले '२० पैकी ९'. गोष्ट २०१५ सालची. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'साहित्य आणि इतर ललितकला' ही अभ्यासपत्रिका आम्ही दोघे मिळून शिकवीत होतो (आम्ही नवरा-बायको आहोत आणि एकाच विभागात आहोत, त्यामुळे अशा वाटण्या आमच्या वाट्याला सहज येतात), आणि तिच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी 'रूपांतर' या संकल्पनेवर निबंध मागवले होते. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले : कादंबरीचे नाटक, नाटकाचा चित्रपट, त्यात काय गळाले आणि काय वाढले. एका विद्यार्थिनीने मात्र अमेरिकेतल्या युटा राज्यातील एका पियानोवादकावर आणि एका चेलोवादकावर लिहिले. शीर्षक होते 'मूळ आणि जोड'. त्याच्या शेवटी आमचा शेरा आहे : 'विषयाशी संबंध क्षीण. मूळ कलाकृतीचा अभ्यास करावा.' अक्षर आमच्यापैकी एकाचे आहे. मत दोघांचे होते. त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तो निबंध एकमेकांना वाचून दाखवला होता आणि, आज लिहिताना संकोच वाटतो, मधूनमधून हसलोही होतो.

हसण्यासारखे त्यात होते ते एवढेच की निबंधाची सुरुवात तिच्या वडिलांपासून होत होती. वडील बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे. लग्नसराईत दिवसाला दोन वराती, आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम. तिने लिहिले होते की चुलत भावाच्या मोबाइलवर तिने पहिल्यांदा चेलो ऐकला तेव्हा तिला वाटले, वडील पहाटे सरावाला बसतात तेव्हाचे क्लॅरोनेटचे खालचे सूर कुणीतरी लांबवून वाजवत आहे. वरातीत हे सूर कुणाला ऐकूच येत नाहीत; तिथे सगळे वरच्या पट्टीत. म्हणून हा आवाज आपल्या घरचाच आहे असे तिला वाटले. एम. ए.च्या निबंधात 'घरचाच आवाज' वगैरे शब्द आले की आमच्यासारख्या परीक्षकांची लेखणी आपोआप लाल होते.

ज्या वादकांविषयी तिने लिहिले होते त्यांचा समूह 'द पियानो गाइज' या नावाने ओळखला जातो. युटामधल्या सेंट जॉर्ज या गावात पॉल अँडरसन यांचे पियानोविक्रीचे दुकान होते आणि त्या दुकानाचेच हे नाव. जॉन श्मिट हे पियानोवादक त्या दुकानात सरावासाठी आले, आणि दुकानाची जाहिरात म्हणून ध्वनिचित्रफिती करण्याची कल्पना पुढे आली. चेलोवादक स्टीव्हन शार्प नेल्सन. ध्वनिमुद्रण आणि रचना यांत अ‍ॅल व्हॅन डर बीक यांचा हात. म्हणजे पडद्यावर दिसतात दोघे, पण काम चौघांचे. श्मिट आणि नेल्सन यांनी त्याआधीच, २००९ मध्ये, टेलर स्विफ्ट या गायिकेचे एक गाणे आणि कोल्डप्ले या ब्रिटिश चमूचे दुसरे एक गाणे एकमेकांत विणून वाजवले होते, आणि ते महाजालावर अफाट पसरले होते. २०१२ मध्ये सोनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. पुढे रीतच ठरून गेली : एक हात बाख, बेथोव्हन, विवाल्डी, पाखेलबेल यांच्यापैकी कुणाच्या तरी खांद्यावर, दुसरा हात आजच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याच्या किंवा चित्रपटसंगीताच्या खांद्यावर. पियानो कधी डोंगरकड्यावर नेऊन ठेवलेला, तर कधी चीनच्या भिंतीवर.

आमची नाराजी नेमकी तिथे होती. डोंगरावर पियानो कशाला?

ह्या नाराजीला एक इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय आमचा शेरा कळणार नाही. आम्ही दोघेही लहान गावांतून आलेलो. पाश्चात्त्य संगीत म्हणजे चित्रपटात नायक पियानोवर बसतो ते, एवढीच आमची समजूत होती. मुंबईत शिकत असताना २००३ मध्ये काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मधून (ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले) बाखच्या चेलो-सुइटांची सीडी आम्ही घेतली. वादक पाब्लो कासाल्स, ध्वनिमुद्रण १९३६ ते १९३९ या काळातले. तिची किंमत आमच्या दोन आठवड्यांच्या खानावळीएवढी होती. कळले काहीच नाही. कळत नाही हेही कबूल करायचे नव्हते. एका खोलीत दोन उशांमध्ये टेपरेकॉर्डर ठेवून आम्ही ते महिनोन्‌महिने ऐकले आणि केव्हातरी, कसे ते सांगता येणार नाही, त्यातले काहीतरी उलगडले. जे इतक्या कष्टाने मिळाले ते दुसऱ्याला पाच मिनिटांच्या चित्रफितीतून, डोंगरदऱ्यांच्या सोबतीने, फुकट मिळावे हे आम्हाला रुचले नाही. अभिरुचीच्या नावाने आम्ही जे बोलत होतो त्यात हा हिशेबही होता.

निबंध परत घ्यायला ती विभागात आली तेव्हा गुणांविषयी काही बोलली नाही. दारातच उभी राहून तिने विचारले, "मॅडम, मूळ म्हणजे कुठलं ऐकू?" आम्ही कासाल्सचे नाव सांगितले. आठवड्याने पुन्हा आली. या वेळी सरांना गाठले. म्हणाली, "सर, ते ऐकलं. पण ते मूळ कसं? ते तर वाजवणाऱ्याचं. बाखच्या हातचा कागद आहे का कुठे?" आम्ही म्हणालो, असेलच, जर्मनीत असेल. तिने मान हलवली आणि ती गेली. निबंध न्यायचा राहिला तो राहिलाच.

बाखच्या हातचा कागद नाही. सहा सुइटा, प्रत्येकीत एक प्रेल्यूड म्हणजे प्रस्तावना आणि पाठोपाठ नृत्यांच्या चालींवरच्या रचना. काळ साधारणपणे १७२० च्या आसपासचा मानतात. मूळ हस्तलिखित हरवले आहे. उरल्या त्या अठराव्या शतकातल्या चार नकला. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध बाखची दुसरी पत्नी आना माग्दालेना हिने केलेली. या नकलांमध्ये सूर बहुतांशी जुळतात, पण कोणते सूर एका गजाच्या ओढीत घ्यायचे याच्या खुणा जुळत नाहीत. छापील आवृत्ती आली ती पॅरिसला, १८२४ मध्ये. म्हणजे बाख जाऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाल्यावर. तेरा वर्षांच्या कासाल्सला १८९० मध्ये बार्सिलोनातल्या एका दुकानात जी प्रत सापडली, ती एका संपादकाने आपल्या पद्धतीने सजवलेली होती.

हे आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे हा अपराध नव्हे. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका वर्गाला आम्ही पाठचिकित्सा शिकवत होतो : ज्ञानेश्वरांच्या हातची प्रत उपलब्ध नाही, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, प्रक्षेप कसे ओळखायचे, लिपिकाराच्या सवयी कशा धरायच्या. 'मूळ संहिता ही आपल्या हाती लागणारी वस्तू नसून आपण नकलांवरून बांधलेले अनुमान असते' हे वाक्य गेली कित्येक वर्षे आम्ही फळ्यासमोर उभे राहून सांगत आलो आहोत. तेच वाक्य तिने दारात उभे राहून साध्या मराठीत आम्हाला विचारले, आणि आम्हाला ते ओळखता आले नाही.

त्यानंतर आम्ही जरा शरमेनेच वाचायला बसलो. वाचत गेलो तसतसा आमचा पहिला आक्षेप, की अभिजात रचनेत बाजारातले गाणे मिसळणे हीच मुळात भ्रष्टता, पार मोडून पडला. बाखच्या घराण्यात वर्षातून एकदा सगळे भाऊबंद जमत. आरंभी प्रार्थनागीत म्हणत आणि मग लगेच बाजारगाणी, त्यांतली काही चावट, एकाच वेळी एकमेकांवर रचून गात आणि पोट धरून हसत, असे त्याचा चरित्रकार फॉर्केल १८०२ मध्ये लिहितो. या प्रकाराला क्वॉडलिबेट म्हणत. १७४१ मध्ये छापलेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये, जिथे बाखचे बुद्धिवैभव शिगेला पोहोचते असे मानतात, शेवटची तिसावी रचना क्वॉडलिबेटच आहे. तीत गुंफलेल्या लोकगीतांपैकी एक चक्क कोबी आणि सलगम यांच्यावरचे. ह्याच बाखने विवाल्डीची चार व्हायोलिनांची रचना उचलून चार हार्प्सिकॉर्डांसाठी बांधली. त्याला कुणी 'मूळ कलाकृतीचा अभ्यास करावा' असे लिहून नऊ गुण दिल्याची नोंद नाही.

मग आम्हाला आपल्याकडचेही आठवले. 'मानापमान'च्या १९११ मधल्या चाली गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांवरून बांधल्या. आज त्या चाली आम्ही 'आपले अस्सल नाट्यसंगीत' म्हणून अभिमानाने ऐकतो. जोड जुनी झाली की तिला आपण परंपरा म्हणतो, हे इतके उघड आहे की त्यावर वेगळे लिहायला नको.

पण आक्षेप मोडला तरी ऐकताना होणारी कुरकुर थांबली नाही. ती खोटी नव्हती. मिश्रण हे तिचे कारण नसेल तर कोणते, हे शोधण्यासाठी आम्ही त्या मुलीच्या निबंधातली यादी समोर ठेवून एकेक ध्वनिचित्रफीत ऐकली. सगळ्यांविषयी लिहिण्यात अर्थ नाही. 'फ्रोझन' या २०१३ च्या चित्रपटातले गाजलेले गाणे आणि विवाल्डीच्या 'चार ऋतूं'मधला हिवाळा यांची जोड आम्हाला पोकळ वाटली. दोन्हीकडे बर्फ आहे म्हणून ती दोन एकत्र आणली, बर्फाच्या किल्ल्यात बसून वाजवली. यमक जुळले म्हणून कविता झाली असे मानण्याचाच हा प्रकार. पाखेलबेलच्या कॅननचा विनोद मात्र खरा आहे. त्या रचनेत चेलोच्या वाट्याला आठ सूर येतात आणि तेच आठ सूर अठ्ठावीस वेळा वाजवायचे असतात. वरचे व्हायोलिनवाले मजेत बागडत असतात. लग्नसमारंभांत ही रचना वाजवून वाजवून जगभरचे चेलोवादक कावलेले आहेत, आणि नेल्सननी त्या कावण्याचाच रॉक करून टाकला. वरातीत एकच गाणे रात्रभर वाजवणाऱ्या क्लॅरोनेटवाल्याच्या मुलीला हे का आवडले असेल, ते समजायला आम्हाला उशीर लागला.

बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे जे केले आहे ते आम्हाला आजही पटत नाही. वनरिपब्लिक या चमूच्या एका गाण्यात त्या सिंफनीच्या चारही भागांतल्या धुना लपवून बसवल्या आहेत, सोबत शाळकरी मुलांचा मोठा वाद्यवृंद आहे, मुले मन लावून वाजवतात आणि ते पाहताना बरेही वाटते. पण १८०८ च्या त्या रचनेचा आरंभीचा चार सुरांचा घाव हा घाव राहत नाही. तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ, एवढ्या सामग्रीतून बेथोव्हन अख्खी इमारत उभी करतो. तिच्यातली अस्वस्थता वाढत वाढत शेवटच्या भागात कुठे मोकळी होते. इथे पहिल्यापासूनच सगळे मोकळे आहे. ताण सोसावा लागत नाही, म्हणून सुटकाही नाही. धुना त्याच, पण जणू नाटकातले संवाद काढून त्यांतली सुभाषिते तेवढी छापावीत.

निबंधाचा गाभा होता तो मात्र 'द चेलो साँग'. त्यात पियानो नाहीच. बाखच्या पहिल्या सुइटेचा प्रेल्यूड घेऊन नेल्सननी त्याच्याभोवती आणखी सात चेलोंचे भाग रचले आणि आठही स्वतःच वाजवून एकावर एक मुद्रित केले.

हा प्रेल्यूड अवघ्या ४२ बारचा आहे. बार म्हणजे आपल्या भाषेत तालाचे लहानसे आवर्तन म्हणू. एकच चेलो, जवळजवळ अखंड समान लयीत वाहणारे सूर. कानाला एका वेळी एकच सूर ऐकू येतो. पण पहिल्या चार बारमध्ये सर्वांत खालचा सूर सारखा तोच येत राहतो आणि वरचे बदलतात. गज त्या खालच्या तारेवरून उठून वर जातो तरी खालचा सूर आपल्या कानात रेंगाळत राहतो, तंबोऱ्याच्या षड्जासारखा. त्या रेंगाळण्यावर वरचे सूर उभे राहतात आणि हळूहळू एका वाद्यात दोन, क्वचित तीन आवाज बोलू लागतात. मधे, बाविसाव्या बारपाशी, सगळे क्षणभर थांबते. शेवटाकडे एक तार सतत झणझणत ठेवून दुसरा आवाज अर्ध्या अर्ध्या सुराने वर चढतो. हे दुसरे-तिसरे आवाज बाखने लिहिलेले आहेत आणि लिहिलेले नाहीतही. ते ऐकणाऱ्याला पुरवावे लागतात.

मराठीच्या वर्गात या गोष्टीला नाव आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनी म्हटले ते हेच : शब्दांनी जे सांगितलेले नाही पण शब्दांवाचून जे पोचणार नाही. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे शास्त्रातले जुनेच उदाहरण आम्ही दरवर्षी देतो. प्रवाहावर वस्ती कशी असेल, म्हणून काठ असा अर्थ घ्यायचा. पण मग सरळ 'काठावर' का म्हटले नाही? कारण गारवा आणि पावित्र्य हे त्या 'वर'मध्ये आहे. कुणी त्याचे 'गंगेच्या थंडगार व पवित्र काठावरील वस्ती' असे करून दिले, तर काही चुकले असे म्हणता येत नाही, फक्त जे व्यंग्य होते त्याचे वाच्य झाले.

सात चेलो हेच करतात. खर्ज धरायचा तो एक चेलो मोठ्याने धरतो, मधले सूर जे आपण मनात जुळवतो ते दुसरे दोन प्रत्यक्ष वाजवतात, जी लय आतून जाणवायची ती तारा छेडून बाहेरून मोजली जाते. कुरकुरीचे कारण आम्हाला इथे सापडले. बाखला बिघडवले आहे असे नाही. ज्या जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळ्या होत्या त्या भरल्या आहेत.

आणि हे एकट्या नेल्सनने केले असेही नाही. १८५३ मध्ये रॉबर्ट शूमानने याच सहा सुइटांना पियानोची साथ लिहिली. शूमानसारखा रचनाकार! एकट्या चेलोचे हे संगीत श्रोत्यांना उघडेबोडके वाटेल, म्हणून त्याने न ऐकू येणारी हार्मनी पियानोवर लिहून काढली. त्यांतली तिसऱ्या सुइटेची साथ तेवढी, एका चेलोवादकाने केलेल्या नकलेमुळे, वाचली. बाकीच्या नाहीशा झाल्या. गंमत अशी की त्याच १८५३ साली फ्रान्समध्ये शार्ल गूनोने बाखच्या दुसऱ्या एका प्रेल्यूडवर, जिच्यात धून अशी नाहीच, नुसत्या सुरांच्या उलगडत जाणाऱ्या जुड्या आहेत, तिच्यावर आपली एक गोड धून बसवून टाकली. पुढे १८५९ मध्ये तिला लॅटिन प्रार्थनेचे शब्द मिळाले आणि ती 'आवे मारिया' म्हणून जगभर गायली गेली. त्यातही एक बार असा आहे की जो बाखचा नव्हेच. श्वेंके नावाच्या संपादकाला तिथे काही राहिले असावे असे वाटले म्हणून त्याने घातलेला. शुद्ध प्रक्षेप. ज्यांना बाखचे नावही ठाऊक नाही असे लाखो लोक तो प्रक्षेप भक्तिभावाने ऐकत आले आहेत.

येथपर्यंत आम्हा दोघांचे एकमत होते. पुढे ते राहिले नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की शूमान असो वा नेल्सन, ज्याने मोकळी जागा भरली त्याने श्रोत्याचे काम हिरावून घेतले, आणि काव्याचा अपराध यापेक्षा मोठा नसतो. दुसरीचे म्हणणे असे की मोकळी जागा ही ज्याला भरता येते त्याच्यासाठीच मोकळी असते. इतरांसाठी ती नुसती रिकामी. आपले कान एका सुराच्या विस्ताराला सरावलेले आहेत. एका वेळी अनेक सूर उभे राहून एकमेकांना अर्थ देतात ही गोष्ट आपल्याला कुणीतरी ऐकवावी लागते. आम्हाला उशांमध्ये ठेवलेला टेपरेकॉर्डर आणि पुष्कळ रिकामा वेळ मिळाला. ज्या घरात सरावाची पहाट संपली की वरात आहे, तिथल्या मुलीने कासाल्सच्या खरखरत्या मुद्रणातून तिसरा आवाज हुडकून काढावा ही अपेक्षा करायला आम्हाला काय जाते?

हा वाद बरेच दिवस चालला आणि भांडी घासता घासता एकदा भलत्याच ठिकाणी जाऊन थांबला. दुसरी म्हणाली, "तू वर्गात काय करतोस?"

वर्गात आम्ही कविता वाचतो. वाचून झाली की समोरचे चेहरे पाहतो आणि मग एकेका ओळीचे जे कवीने सांगितलेले नाही ते सांगू लागतो. ही प्रतिमा इथे का, हा शब्द दुसऱ्या कडव्यात पुन्हा का आला, हे मौन कशाचे. पन्नास मिनिटांत सगळ्या मोकळ्या जागा भरून टाकतो, मुले लिहून घेतात, आणि परीक्षेत व्यंग्यार्थ 'अ', 'ब', 'क' असा मुद्द्यांत परत येतो. त्यासाठी आम्हाला वेतन मिळते. एखाद्या वर्षी एखादा तास असा होतो की आम्ही काही न बोलता कविता दोनदा वाचतो आणि वर्ग सोडतो; पण विद्यार्थी मागाहून येऊन विचारतात, सर, आजचं लिहून देणार ना? आणि आम्ही लिहून देतो. सात चेलोंपेक्षा आमची संख्या कमी आहे एवढाच फरक.

तरीही सगळे सारखेच असे आम्ही म्हणणार नाही. टीका आणि टीका यांतही भेद असतो. 'द चेलो साँग' ऐकून कासाल्सकडे परत गेलो तेव्हा आमच्या कानांना एक नवी गोष्ट घडली : जिथे नेल्सनचे मधले चेलो होते तिथे आता कुणी नाही हे ऐकू आले. ती अनुपस्थिती आम्हाला पूर्वी इतकी स्पष्ट जाणवली नव्हती. म्हणजे त्या भरलेल्या प्रतीने रिकाम्या प्रतीकडे परत जायची वाट ठेवली होती. बेथोव्हनच्या त्या चित्रफितीनंतर मात्र सिंफनी ऐकताना आम्हाला ते गाणेच आठवत राहिले, जसे गाइड वाचलेल्या विद्यार्थ्याला कविता वाचताना गाइडच आठवते. जोड चांगली की वाईट हे मिश्रणावरून ठरत नाही, परतीची वाट राहिली की बुजली यावरून ठरत असावे, असे आम्हाला तूर्त वाटते. 'तूर्त' अशासाठी की आमच्यापैकी एकाला हेही पूर्ण मान्य नाही.

ह्या सगळ्यात चेलो आणि पियानो या जोडीविषयीच बोलायचे राहून गेले. मुलीने त्याविषयी एक चांगला परिच्छेद लिहिला होता, तेव्हा आमच्या लक्षातही आला नव्हता. तिचा मुद्दा असा की या दोघांत साथीदार कोण हे सांगता येत नाही. बँडमध्ये क्लॅरोनेट पुढे आणि बाकीचे मागे हे ठरलेले असते. ऐतिहासिक दृष्ट्याही तिने नकळत मर्मावर बोट ठेवले होते. चेलो शतकभर तळाचा सूर धरणारे सेवक वाद्य होते. १७९६ मध्ये बर्लिनला बेथोव्हनने आपल्या पहिल्या दोन चेलो-सोनाटा वाजवल्या तेव्हा कुठे पियानोच्या पूर्ण लिहिलेल्या भागासमोर चेलोला स्वतःची ओळ मिळाली, तीही जरा पियानोच्या आडोशाने. बारा वर्षांनी तिसरी सोनाटा आली. तिचा आरंभ चेलो एकट्याने करतो, पियानो ऐकत थांबतो. श्मिट आणि नेल्सन यांच्या साध्यातल्या साध्या तुकड्यातही ही पाळी देण्याची रीत टिकून आहे. एकाने धून धरली की दुसरा खाली जातो, मग बदल. हे सौजन्य डोंगरावरच्या पियानोकडे पाहण्याच्या नादात आमच्या नजरेतून सुटले.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. वडिलांचे दात गेल्यामुळे क्लॅरोनेट सुटले आहे. ते आता बँडचे हिशेब पाहतात. तिला तो निबंध परत हवा होता. त्याची दुसरी प्रत तिच्याकडे नाही, आणि तो वाढवून तिला कुठेतरी लेख म्हणून द्यायचा आहे. आम्ही म्हणालो, पाठवतो. "गुण काय होते ते आठवत नाही," ती म्हणाली. आठवत असणार.

गठ्ठ्यातून निबंध काढून टेबलावर ठेवला आहे. पाकीट आणले आहे, पत्ता लिहून झाला आहे. प्रश्न त्या शेऱ्याचा आहे. एकाचे मत, तो खोडून शेजारी आज जे वाटते ते लिहावे आणि खाली तारीख घालावी. दुसरीचे मत असे की ही एकमेव प्रत आहे, तिच्यावर आता आणखी हात चालवू नये. समासातली टीपही संहितेच्या इतिहासाचा भाग असते हे आपणच शिकवतो, ती चुकीची असली तरी. काल रात्री यावर बोलता बोलता आम्ही पुन्हा कासाल्स लावला. बाविसाव्या बारपाशी तो थांबतो तिथे दोघेही थांबलो. पाकीट अजून उघडेच आहे.